भावाच्या ऑस्ट्रेलियाच्या ४८२ व्हिसावर रद्द करण्याची नोटीस आली आहे, सल्ला हवा

सिडकोची_ताई
माझा धाकटा भाऊ वेल्डर. आठ वर्षं सातपूर एमआयडीसीत काढली, मग कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर, म्हणजे ४८२ या कामाच्या व्हिसावर, पर्थला गेला. तिथे ५५ तास राबवून घ्यायचे आणि पगाराच्या स्लिपवर ३८ तास दाखवायचे. त्याने विचारलं, तर पुढच्याच आठवड्यात कामावरून काढलं. त्याला सात महिने झाले, नवा स्पॉन्सर मिळालेला नाही. काल नोटीस आली, उत्तराला पाच दिवस आहेत. कॉलेज रोडवरचा एजंट म्हणतो, "आता काही होत नाही, परत बोलवा, नवीन फाइल लावू." वडीलही तेच म्हणतायत. माझं मन मानत नाही. कुणी यातून गेलंय का?

पंचवटीकर
पर्थच्या भारतीय वकिलातीला लगेच कळवा, ते थांबवतील.

मेलबर्नकर
कळवा जरूर, पण व्हिसा रद्द होणं वकिलातीच्या हातात नाही. आणि ताई, काहीही झालं तरी त्याला विमानात बसू देऊ नका! आली ती नुसती नोटीस आहे, व्हिसा अजून जिवंत आहे. तिथल्या मायग्रेशन कायद्याच्या कलम ११६ मध्ये रद्द "करता येईल" असं आहे, "करावाच" असं नाही. म्हणून उत्तराला वजन आहे.

२०२२ मध्ये माझी नोकरी गेली तेव्हा नवा स्पॉन्सर शोधायला ६० दिवसच मिळायचे. १ जुलै २०२४ पासून एका वेळी १८० आणि व्हिसाच्या काळात एकूण ३६५ दिवस मिळतात. भावाचे १८० उलटलेत, हे लपवू नका. का उलटले ते लिहा. त्याच तारखेपासून शोषण झालेल्या कामगाराचा व्हिसा वाचवायची तरतूदही आहे. त्यासाठी फेअर वर्क ओम्बड्समन (कामगारांच्या तक्रारी बघणारं तिथलं सरकारी कार्यालय) किंवा मान्यताप्राप्त संघटनेचं प्रमाणपत्र लागतं. त्याने आजच तिकडे जावं. इंग्रजी अडलं तर तिथल्या १३१ ४५० या फोन नंबरवर हिंदी दुभाषी मिळतो.

सिडकोची_ताई
आणि तरीही रद्द झाला तर?

मेलबर्नकर
ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनलकडे, म्हणजे सरकारी निर्णय पुन्हा तपासणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, २८ दिवसांत अर्ज. तो अर्ज करताना माणूस ऑस्ट्रेलियात हजर लागतो. एजंटचं ऐकून नाशिकला आला असता तर हा दरवाजाच बंद झाला असता. फी साडेतीन हजार डॉलरच्या घरात आहे, पण अडचण दाखवली तर निम्मी होते. व्हिसा रद्द झाला की ब्रिजिंग व्हिसासाठीही (निकाल लागेपर्यंत तिथे कायदेशीर राहायचा तात्पुरता व्हिसा) लगेच धावपळ करावी लागेल. हे काम तिथल्या नोंदणीकृत मायग्रेशन एजंटकडे किंवा वकिलाकडेच द्या. नोंदणी आहे की नाही, ते सरकारी यादीत नाव टाकून बघता येतं.

अंबडचा_फिटर
ताई, कामाच्या वेळापत्रकाचे फोटो आहेत का? माझ्या साडूचं प्रकरण त्यावरच उभं राहिलं. सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज तारखेसकट काढा, बँकेचं स्टेटमेंट जोडा. आणि ज्याने पाठवलं त्या एजंटला परदेशी भरतीचा परवाना आहे का, तेही बघा. १९८३ च्या कायद्याने तो लागतोच. पण ते नंतर, आधी उत्तर.

सिडकोची_ताई
फोटो आहेत! रोज संध्याकाळी फळ्यावरचे तास टिपून आईला पाठवायचा, "आज एवढं काम झालं" म्हणून. आईने एकही डिलीट केलेला नाही. रात्री बसून १६३ फोटो तारखेप्रमाणे लावले, वडील स्लिपवरचे तास वाचून दाखवत होते. तिसऱ्या महिन्याच्या स्लिपनंतर ते गप्पच झाले. परत ये म्हणायचं आता त्यांनी सोडलंय.

तिथल्या वकीलबाईंनी उत्तर तयार केलं, आज पाठवलं. पोच आली तेव्हा तिकडे साडेअकरा वाजले होते, इकडे नऊ. फेअर वर्ककडेही तक्रार गेली आहे. पुढचं कळलं की इथेच लिहीन.