चिवातो आणि वालपाराइसोच्या भिंती

चिलीतल्या वालपाराइसो या बंदराच्या शहरातली भिंतीचित्रं म्हणजे पर्यटकांसाठीची अलीकडची रंगरंगोटी, असं मत ऐकायला मिळतं; ते काही पटलं नाही. तिथल्या कॅथलिक विद्यापीठाचे विद्यार्थी १९६९ मध्येच चित्रकार फ्रान्सिस्को मेंडेसबरोबर भिंती रंगवायला लागले होते. १९७३ च्या लष्करी उठावाने ते थांबलं. बेयाव्हिस्ता टेकडीवरचं वीस चित्रांचं खुलं संग्रहालय उभं राहायला १९९२ उजाडलं. त्यात रोबेर्तो मात्तासारख्या नामवंत चित्रकारांची चित्रं, तीही लोकांच्या रोजच्या जिन्यांना खेटून! बाकी गावभर पन्हाळी पत्र्याच्या भिंती. त्यांवरचं चित्र समोरून नीट दिसतं, बाजूने पाहिलं की पन्हाळींत तुटतं.

आता या शहरातल्या एका लोककथेबद्दल. कोन्सेप्सियोन टेकडीच्या पायथ्याशी एक गुहा होती. रात्री तिथून जाणाऱ्याला चिवातो नावाचा बोकडासारखा राक्षस आत ओढून नेतो, असं म्हणत. बंदर आणि अल्मेंद्राल वस्ती यांच्यामधली वाट तिथे समुद्र आणि खडक यांच्यात चेपलेली, म्हणजे वाटमाऱ्यांचं आयतंच फावलं असणार. (बोकडावर आळ घेणं केव्हाही सोयीचं.) पुढे खडक फोडला, आणि गुहेच्या जागी आज 'एल मेर्कुरियो' दैनिकाची इमारत आहे. राक्षसाच्या बिळात वर्तमानपत्र!