नऊ वर्षांच्या मुलाला रेसिंगबद्दल मराठीत काय वाचायला देऊ?

मेघना, वारजे
मुलगा चौथीत, मराठी माध्यम. रविवारी संध्याकाळी साडेसहाला युरोपातली फॉर्म्युला वनची शर्यत लागली की बाबाला चिकटून बसतो, जेवायलाही उठत नाही. पुस्तक म्हटलं की मात्र पळतो. वाढदिवसाला रेसिंगच्या गाड्यांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. दोन दिवस चित्रं पाहिली, मग ते कपाटावर गेलं. पानोपानी नुसत्या हॉर्सपॉवरच्या आणि विजेत्यांच्या याद्या. मराठीत त्याच्या वयाचं मला काही सापडलं नाही. सुरुवात कुठून करू?

चिंचवडचे काका
मेघनाताई, माझी चौतीस वर्षं पिंपरीत गाड्यांच्या कारखान्यात गेली. नातवाचं वाचन टायरपासून सुरू झालं.

पार्किंगमध्ये त्याला गाडीशेजारी बसवलं आणि म्हटलं, टायरवर काय लिहिलंय ते वाच. १७५/६५ आर १४. १७५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. १४ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. पोराने आजीची शिवणाची टेप आणली. हिशेबाने ११४ मिलिमीटरच्या आसपास यायला हवं होतं, टेपवरही जवळपास तेवढंच आलं. हात कोपरापर्यंत काळे, पण उठायला तयार नाही.

मग त्यानेच विचारलं, "आजोबा, टीव्हीवरच्या टायरला नक्षी का नसते?" मी तोंडी सांगितलं नाही. वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायरचं जास्त रबर टेकतं, म्हणून पकड चांगली. पाऊस आला की तोच टायर पाण्यावर तरंगायला लागतो, म्हणून खाचांचा टायर लावतात. मुसळधार पावसाचा फॉर्म्युला वनचा एक टायर ताशी ३०० किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे ८५ लिटर पाणी बाहेर फेकतो. आमच्या न्हाणीघरातल्या वीस लिटरच्या बादलीने मोजलं तर चार भरून वर उरतं. ते पान त्याने किती वेळा वाचलं, सांगता येणार नाही.

तेव्हापासून दर रविवारी एक पान. दुसरं झेंड्यांचं केलं: पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक करायचं नाही, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, वाट दे, लाल म्हणजे शर्यत थांबली. शर्यत बघताना ते पान मांडीवर असतं. नावं आणि सनावळ्या नंतर आपोआप येतात, घाई करू नका.

गणिताच्या बाई, कोथरूड
काकांच्या वहीत एक पान माझं. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती झाल्या, तिन्ही सेबास्टियन व्हेटेलने जिंकल्या. एक फेरी ५.१२५ किलोमीटरची. नियम असा की ३०५ किलोमीटर ओलांडायला लागतील तेवढ्याच फेऱ्या. मोनॅकोची शर्यत तेवढी वेगळी. मग फेऱ्या किती? मुलांना वहीत बेरीज करत जाऊ दे. ६० आल्या की स्वतःच ओरडतात.

अनघा
अपघाताचं पानही लिहा, टाळू नका. माझ्या मुलीने २०२० मधला बहारीनचा रोमाँ ग्रोजाँचा अपघात पाहिला आणि रात्रभर झोपली नाही. गाडी पेटली होती, तो सुमारे २८ सेकंदांनी आगीतून बाहेर आला. डोक्यावरच्या टायटॅनियमच्या कमानीने, हेलोने, त्याला वाचवलं, हे लिहून दिलं तेव्हा ती शांत झाली. हेलो २०१८ पासून सक्तीचा आहे. आता पुण्याच्याच डायना पंडोले यांच्याबद्दल वाचतेय. त्या शिक्षिका आहेत आणि कार रेसिंगमध्ये राष्ट्रीय विजेत्याही, हे तिला फार आवडलं.

मेघना, वारजे
काका, आमच्याकडे गाडी नाही, म्हणून स्कूटरचा टायर वाचला. ९०/१००-१०. तासभर खाली होतो. तो विचारतोय, यात आर का नाही?

चिंचवडचे काका
शाब्बास! आर म्हणजे रेडियल. आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात. तुमच्या स्कूटरच्या टायरमध्ये ते तिरपे, एकमेकांवरून जातात. चित्र काढतोय, रविवारच्या आत इथेच टाकतो.