वळताना पुढच्या चाकातून ‘कट-कट’ आवाज : स्ट्रट माउंट की सीव्ही जॉइंट?

नमस्कार. माझी फ्रंट व्हील ड्राइव्ह, मॅन्युअल गिअरची हॅचबॅक सुमारे ९०,००० किलोमीटर चालली आहे. गेल्या तीन आठवड्यांपासून पार्किंगमधून निघताना स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण फिरवून अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पुढच्या बाजूने लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा कोरडा ‘कट-कट-कट’ आवाज येतो. वेग वाढला की ही कटकट दाट होते, पाय उचलला की जवळजवळ थांबते आणि सरळ रस्त्यावर तर गाडी अगदी निमूट चालते.

मेकॅनिकने ऐकताक्षणी दोन्ही लिंक रॉड (सस्पेन्शनमधले छोटे जोडदांडे) बदलले. त्यामुळे खड्ड्यांतून जाताना होणारी खडखड गेली, हे मान्य करायला हवे. परंतु वळतानाचा आवाज जसाच्या तसा आहे. आता ते स्ट्रट माउंट (स्ट्रटचे, म्हणजे पुढच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बर-स्प्रिंगच्या जोडीचे, वरचे टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा भाग) बदलण्याचा आग्रह धरत आहेत. एकेक सुटा भाग अंदाजाने बदलत जाण्याची माझी तयारी नाही. दोष नेमका कशात आणि कोणत्या बाजूला आहे हे घरच्या घरी कसे ताडून पाहावे, आणि पुढील आठवड्यात २०० किलोमीटरचा प्रवास ठरला आहे तो याच अवस्थेत करावा का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आवाज स्टिअरिंग फिरण्याशी निगडित आहे की चाक फिरण्याशी, हे सर्वांत आधी वेगळे करावे. गाडी उभी ठेवून, इंजिन चालू करून कोणाला तरी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगा आणि तुम्ही बॉनेट उघडून स्ट्रटच्या वरच्या टोकावर बोटे ठेवा. माउंटचे बेअरिंग अडकत असेल, तर स्प्रिंग अडून सुटल्याचा झटका बहुधा बोटांनाच कळतो आणि त्यासाठी गाडी हलवावीही लागत नाही. तुमचा आवाज मात्र चाकाच्या तालावर आणि इंजिनाचा जोर पडल्यावरच येतो. त्यामुळे माझा संशय ड्राइव्ह शाफ्टच्या (इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) चाकाकडील सीव्ही जॉइंटवर, म्हणजे चाक वळलेले असतानाही तो जोर पोहोचवणाऱ्या सांध्यावर आहे.

या जॉइंटमध्ये साधारणपणे सहा पोलादी गोळ्या असतात. त्या एका पिंजऱ्यात बसवलेल्या असून आतल्या आणि बाहेरच्या खाचांमध्ये राहतात. चाक सरळ असताना त्या खाचेतल्या एकाच जागी फिरत राहतात. चाक वळवले की प्रत्येक फेरीत त्यांना खाचेतून मागेपुढे सरकावे लागते आणि खाचेला खळगा पडलेला असेल तर तिथेच त्या टकटकतात. मूळ दुखणे बहुतेक वेळा जॉइंटवरच्या घड्यांच्या रबरी आवरणाचे, म्हणजे बूटचे असते. त्याला चीर पडली की फिरत्या शाफ्टमुळे ग्रीस बाहेर फेकले जाते, आत धूळ आणि पाणी शिरते, आणि मग त्याच उरल्यासुरल्या ग्रीसचा पॉलिश पेपर होतो.

बूट पाहताना चाक पूर्ण वळवून ठेवावे, कारण चीर घडीच्या तळाशी असते आणि सरळ चाकात ती मिटून जाते. उजवीकडे वळताना भार बाहेरच्या, म्हणजे डाव्या चाकावर येतो. म्हणून पहिला संशयित डावा जॉइंट. तरीही आत बसून ऐकलेल्या दिशेवर विसंबू नये. मोकळ्या मैदानात काचा खाली करून दोन्ही दिशांनी, हलका अ‍ॅक्सिलरेटर देत, सावकाश गोल फिरून पाहावे.

प्रतिसाद २

वरील सर्व करण्याआधी चाकाचे नट घट्ट आहेत का ते पाना लावून तपासा. सैल नटांचाही असाच आवाज येतो आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. टायरच्या खाचेत खडा अडकला असेल तर तो सरळ रस्त्यावरही टिकटिकतो, त्यामुळे तुमच्या बाबतीत ती शक्यता कमी वाटते.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. नट घट्ट आहेत आणि उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना बोटांना काहीही जाणवले नाही. मैदानात उजवीकडे गोल फिरताना आवाज स्पष्ट आला, डावीकडे फिरताना आला नाही. नंतर टॉर्च घेऊन डावे चाक पाहिले, तेव्हा रिमच्या आतल्या बाजूला काळ्या चिकट ग्रीसचा पट्टा उमटलेला होता आणि बूटच्या दुसऱ्या घडीत नखभर लांबीची चीर होती. बोटाला लागलेले ग्रीस चोळून पाहिले तर त्यात वाळूसारखी कचकच लागली. आता केवळ बूट आणि ग्रीस बदलून भागेल का?

प्रतिसाद १

नाही. चीर दिसली पण आवाज सुरू झालेला नाही, अशा वेळी जॉइंट स्वच्छ करून नवा बूट घालणे शहाणपणाचे असते. तुमच्याकडे खाचा झिजल्या आहेत आणि ग्रीसने खळगे भरून येत नाहीत. जॉइंट बदला, आतल्या बाजूचा जॉइंटही ढिला निघाला तर अख्खा शाफ्ट घेणे बरे. नव्या जॉइंटच्या स्प्लाइन (शाफ्ट अडकवणाऱ्या उभ्या खाचा) आणि एबीएसचे दातेरी कडे असल्यास त्याचे दाते जुन्याशी मोजून जुळवा. ग्रीस किटसोबत आलेलेच, पुडीत असेल तेवढे सगळे भरा. साधे चॅसी ग्रीस चालत नाही. हबचा नट नवा वापरून गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कलाच आवळायला सांगा. शाफ्ट काढलेला असताना त्या चाकावर गाडीचे वजन येऊ देऊ नये, नाहीतर व्हील बेअरिंगचे नवे काम निघेल.

प्रवास दुरुस्तीनंतरच करा. असा जॉइंट पुष्कळदा महिनोन्‌महिने कटकट करत चालतो, पण तुटला तर इंजिन चालूच राहते आणि गाडी जागची हलत नाही; शिवाय अशा वेळी नुसत्या गिअरवर ती चढावर थांबतही नाही, हँडब्रेक लावावाच लागतो.

धागाकर्ता

काल डावा जॉइंट बदलून घेतला. जुना जॉइंट पुसून उजेडात धरला, तेव्हा सहापैकी तीन खाचांमध्ये गोळीच्या आकाराचे खळगे नखाला स्पष्ट लागत होते. दोन्ही दिशांनी पूर्ण स्टिअरिंग वळवून गाडी फिरवून पाहिली, आवाज नाही. उजवा बूटही चाक वळवून पाहिला, तो शाबूत आहे. स्ट्रट माउंटला हात लावू दिला नाही.