मदत हवी आहे: जुन्या कांगाचं काय करू?

आजेसासरे मोंबासाला रेल्वेत कारकून होते. त्यांच्या ट्रंकेत कांगा (पूर्व आफ्रिकेतल्या बायका अंगाभोवती गुंडाळतात ते छापील कापड, दोन-दोनच्या जोडीत विकतात) सापडला: लाल-काळा, सुती, जोडी अजून न कापलेली. चारी बाजूंनी काठ, मधे काजूच्या आकाराची कोयरी (आपल्या शालीवरचीच!) आणि खाली रोमन लिपीत स्वाहिली म्हण, ‘हबा ना हबा हुजाझा किबाबा’. म्हणजे आपलं थेंबे थेंबे तळे साचे.

पूर्वी ही अक्षरं अरबी लिपीत छापत, त्यामुळे हा फार जुना नसावा. नेमका काळ कशावरून ओळखायचा? तिकडे बायका शेजारणीला टोमणाही कांगावरूनच मारतात म्हणे. या म्हणीत तसं काही आहे का? केनिया-टांझानियात राहिलेलं कुणी आहे का इथे? आणि लाल रंग जातोय, कोपरा भिजवला तर पाणी गुलाबी झालं. धुऊ की नको?