कागदावरचे इमले: तुम्ही काय काढता?

हवेत इमले सगळेच बांधतात. काही जण ते वहीत उतरवतात आणि कोणी डोकावलं की ‘काही नाही, असंच’ म्हणत पान उलटतात. अशांनी इथे लिहावं. काय काढता, कुठे अडता, सगळं.

सुरुवात माझ्यापासून. शाळेत गणिताच्या वहीत नकाशे काढायचो, एक चौकट म्हणजे एक फूट. एका दुमजली घरावर तर दोन वर्षं घालवली. मधे चौक, खिडकीत बसायला कट्टा, भिंतभर पुस्तकं. जिना मात्र 2 मीटरच्या कोनाड्यात कोंबलेला. एकदा हिशेब मांडला. मजल्याची उंची 3 मीटर, पायरीची 15 सेंमी, म्हणजे 20 चढ. शेवटचा चढ थेट वरच्या मजल्यावरच, म्हणून 19 पायऱ्या. पाऊल ठेवायला 30 सेंमी धरले तर सरळ जिन्याला 5.7 मीटर लागतात! (दोन चढांची उंची अधिक एका पायरीची रुंदी साधारण 60 ते 64 सेंमी, हा सोयीच्या जिन्याचा जुना ठोकताळा.) माझा जिना म्हणजे शिडीच होती. सगळं खोडलं, आधी जिना काढला आणि घर त्याच्याभोवती बसवलं. चौक गेला, त्याचं अजून वाईट वाटतं.

*

माझं अगदी उलट. मापं आली की माझा हात आखडतो. पिरानेसी या इटालियन चित्रकाराची काल्पनिक तुरुंगांची चित्रं पाहिली आणि बिघडलेच! कुठेही न पोचणारे जिने, कमानीमागे कमान. 1750च्या सुमाराला त्याने ती छापली आणि 1761 मध्ये छपाईच्या त्याच तांब्याच्या पत्र्यांवर पुन्हा कोरून अंधार गडद केला, दोन नवी चित्रं घालून 16 केली. तेव्हापासून मीही जुनं चित्र टाकत नाही, सहा महिन्यांनी पेन घेऊन त्याच्यावरच बसते. एका कमानीखाली इतकी शाई झाली की कागद फुगला आणि मागच्या पानावर डाग उतरला. त्या डागाची विहीर केली.

*

यथार्थदर्शनाने, म्हणजे कागदावर खोली दाखवायच्या पद्धतीने (पर्स्पेक्टिव्ह), मला वर्षभर रडवलं. इमारतीचा समोरचा कोपरा जहाजाच्या नाळेसारखा अंगावर यायचा. पट्टी बदलली, पेन्सिल बदलली, काही फरक नाही. चूक अशी होती की दोन्ही लोपबिंदू (लांब जाणाऱ्या रेषा क्षितिजावर जिथे मिळतात ते बिंदू) मी कागदातच बसवत होतो, म्हणजे फार जवळजवळ. आता कागद टेबलाला चिकटवतो, क्षितिजरेषा दोन्हीकडे टेबलावर लांबवतो, हातभर अंतरावर दोन टाचण्या आणि त्यांना दोरा. दोरा ताणला की रेष कुठे जाणार ते दिसतं. टेबलाला भोकं पडली आहेत, घरच्यांना अजून सांगितलेलं नाही.

*

मला माणसं काढता येत नाहीत, म्हणून खोल्या काढते. पण रिकामी खोली केवढी आहे तेच कळत नाही. दिवाणखानाही वाटतो आणि विमानतळही. मग दारात चपला ठेवल्या, खुंटीला छत्री अडकवली, खुर्चीची बैठक जमिनीपासून 45 सेंमीवर घेतली. झालं, खोली आवाक्यात आली. दार उघडताना कुठवर फिरतं तो पाव गोलही हल्ली आखते, कारण एका झोपायच्या खोलीचं दार पलंगामुळे उघडतच नव्हतं.

*

वरचा विमानतळ पटला. मी भव्यवाला. बुले नावाच्या फ्रेंच वास्तुकाराने 1784 मध्ये न्यूटनच्या स्मारकासाठी 150 मीटर उंचीचा पोकळ गोल कागदावर काढला, आत दिवसा छिद्रांतून चांदण्यांसारखा उजेड. ते कधी बांधलं गेलं नाही. मीही तसंच एक ग्रंथालय काढलं, सात मजली घुमट, तीन आठवडे लागले. अभिमानाने लेकीला दाखवलं. तिने बोट फिरवत सगळे मजले पाहिले आणि विचारलं, “बाबा, यात संडास कुठाय?”

चौथ्या मजल्यावर काढलाय. एकच.