आजोबांची ट्रंक: न चमकणारं घड्याळ, व्हॉल्व्हचा रेडिओ... काय ठेवू, काय टाकू?

जुनी_ट्रंक
नमस्कार मंडळी. आजोबांची ट्रंक माझ्याकडे आली आहे. आत व्हॉल्व्हचा रेडिओ, गजराचं घड्याळ (आकड्यांवर तपकिरी रंग, अंधारात अजिबात चमकत नाही), कॅमेऱ्याची पिवळी पडलेली लेन्स आणि हिरवट काचेचा वाडगा आहे. घरात चार वर्षांची मुलगी आहे. चुलत भाऊ म्हणतो, घड्याळ किरणोत्सारी आहे, आजच फेक. रेडिओ मात्र त्याला लावून बघायचाय. घड्याळ चमकत नाही म्हणजे त्यातलं रेडियम संपलं ना?

तारकाम
घड्याळाचं नंतर बघू. आधी भावाला सांगा, रेडिओची पिन सॉकेटमध्ये घालायची नाही. तुमच्या ट्रंकेतली आज जीव घेऊ शकेल अशी वस्तू तीच आहे.

मेन्स (घरातल्या विजेचा) ट्रान्सफॉर्मर नसलेल्या जुन्या एसी-डीसी सेटमध्ये मेन्सची एक वायर थेट चॅसिसला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला, जोडलेली असते. पिन उलटी बसली की अख्खा पत्रा लाइव्ह. नॉब निघालेलं असेल तर आतल्या दांड्याला बोट लागलं तरी पुरे. शिवाय मेणकागदाचे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) इतक्या वर्षांनी लीक झालेले असतात, ते बदलल्याशिवाय सेट चालू करू नये.

सेट चालवून बंद केला, पिन काढली, तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये २५०-३०० व्होल्ट राहू शकतात. मी एकदा पिन काढलेली आहे म्हणून निर्धास्त हात घातला होता, कोपरापर्यंत बधिर झाला. तेव्हापासून आधी रेझिस्टरमधून डिस्चार्ज, मग मल्टिमीटरने मोजणं, आणि थोड्या वेळाने परत मोजणं, कारण व्होल्टेज थोडं पुन्हा चढतं.

सिरीजमध्ये बल्ब लावला की शॉर्ट असलेला सेट जळण्यापासून वाचतो, पण माणसाचा शॉक टळत नाही. त्यासाठी सेटला मेन्सपासून वेगळा ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच लागतो. व्हॉल्व्ह सेटवर काम केलेल्या माणसाकडेच द्या.

अल्फा_बीटा
तारकाम यांच्याशी शंभर टक्के सहमत. आता घड्याळ.

नाही, रेडियम संपलेलं नाही. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे. थकलंय ते त्यात मिसळलेलं झिंक सल्फाइड, म्हणजे रेडियमच्या माऱ्याने चमकणारी पूड. रेडियममधून सुटणाऱ्या अल्फा कणांचा मारा खाऊन ते उजेड देईनासं झालं. काटे वर्षानुवर्षं एकाच जागी थांबले असतील तर त्यांच्याखाली डायलवर करपल्यासारखा डाग पडतो. तो दिसतो का बघा, पण काचेतूनच.

काच शाबूत असेल तर अल्फा कण बाहेर येत नाहीत. काचेतून आरपार जाणारे गॅमा किरण येतात, म्हणून उशाशी नको. अंतर दुप्पट केलं की मारा साधारण चौथाई होतो. खरी भीती रंगाच्या भुकटीची. १९२० च्या आसपास अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी डायल रंगवणाऱ्या मुली ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरत. शरीर रेडियमला कॅल्शियमसारखं हाडांत साठवतं. त्यांचे जबडे कुजले, कित्येकींचा जीव गेला. तुमच्या घड्याळात तेवढी मात्रा नाही, पण ती भुकटी लहान मुलीच्या बोटांना लागून तोंडात जायला नको.

म्हणून उघडू नका, डायल खरवडू नका. टाकायचंच असेल तर कचऱ्यात नाही, भंगारात तर मुळीच नाही. तुमच्या देशाच्या किरणोत्सर्ग नियामक संस्थेला विचारा.

लेन्समध्ये बहुधा थोरियम (तेही किरणोत्सारी) आहे, त्यामुळेच काच पिवळी पडते. फोटो काढायला हरकत नाही, घासू-फोडू नका. वाडगा अतिनील टॉर्चखाली लख्ख हिरवा दिसला तर युरेनियमची काच. शोभेला ठेवा, खायला वापरू नका.

जुनी_ट्रंक
भाऊ थांबला, रेडिओ बाजूला ठेवलाय. पण घड्याळाची काच तडकलेली आहे आणि ट्रंकेच्या तळाशी बारीक पिवळट कण दिसतायत. व्हॅक्यूम क्लीनर फिरवू का?

अल्फा_बीटा
अजिबात नको, सगळी भुकटी हवेत उडेल. झाडूही नको. मुलीला दुसऱ्या खोलीत पाठवा, खिडक्या उघडा, हातमोजे आणि मास्क घाला. घड्याळ झिपच्या जाड पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. मग ओल्या कागदाने कण टिपा, एक पुसा मारून कागद घडी करा, घासू नका. कागद आणि हातमोजे त्याच बाहेरच्या पिशवीत जातील. हात साबणाने धुवा. ट्रंक रिकामी करून घराबाहेर आडोशाला ठेवा आणि नियामक संस्थेला फोन करताना काच तडकल्याचं आणि भुकटी सांडल्याचं आधी सांगा.