मदत हवी आहे: क्रॅक टाकून चाललेल्या गेमला वाइनमध्ये कोणतं रेटिंग द्यायचं?

नमस्कार मंडळी,

लिनक्सवर वाइनमधून (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) जुने विंडोज गेम चालवून बघायचे आणि ॲपडीबीवर (कोणता प्रोग्रॅम वाइनमध्ये किती नीट चालतो त्याची वाइनची यादी) अहवाल टाकायचा, हे मी आवडीने करतो. सध्या एका गेमच्या रेटिंगवर अडलोय. मूळ सीडी घातली तर कॉपी प्रोटेक्शनची (सीडी अस्सल आहे का बघणारी) तपासणी पार होत नाही, गेम उघडतच नाही. गेमच्या मुख्य फाइलच्या, म्हणजे एक्सईच्या, जागी नो-सीडी क्रॅक (सीडीची तपासणी काढून टाकलेली फाइल) टाकला की शेवटपर्यंत सुरळीत चालतो. सीडी विकत घेतलेली आहे, त्यामुळे प्रश्न फुकट मिळवण्याचा नाही, फक्त रेटिंगचा आहे.

'गार्बेज' (सगळ्यात खालचं रेटिंग) द्यावं तर ग्राफिक्स, आवाज, सेव्ह सगळं उत्तम चालतं ही माहिती वाया जाते. 'गोल्ड'मध्ये (वरून दुसरं रेटिंग) डीएलएल ओव्हरराइड (वाइनच्या एखाद्या फाइलऐवजी दुसरी वापरायला लावणं) किंवा बाहेरचं सॉफ्टवेअर वापरलेलं चालतं, मग क्रॅक का नको, असं काहीजण म्हणतात. मला हे पटत नाही. ओव्हरराइडने वाइनचं वागणं बदलतं. क्रॅकने गेमच बदलतो. गोल्ड बघून कोणी मूळ सीडी घेतली तर तो पहिल्याच पायरीवर अडकणार.

शिवाय दोष झाकला जातो तो वेगळाच. सेफडिस्कसारखी प्रोटेक्शन थेट कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) ड्रायव्हर घालतात. वाइन कर्नलच्या बाहेर चालतं, त्यामुळे अशा ड्रायव्हरसाठी त्याला विंडोजच्या कर्नलची नक्कल करावी लागते. ती नक्कल कुठे कमी पडते हे मूळ सीडीवरच कळतं. सगळ्यांनी क्रॅक वापरून गोल्ड दिलं तर वाइनच्या डेव्हलपरांना ते कळणार कसं? आणि बदललेल्या एक्सईवरचा बग रिपोर्ट त्यांच्या उपयोगाचाही नाही.

पण एक पेच सुटत नाही. 2015 मध्ये आलेल्या विंडोज 10 ने सेफडिस्कचा ड्रायव्हरच काढून टाकला. म्हणजे त्या सीड्या आता खऱ्या विंडोजवरही जशाच्या तशा चालत नाहीत. मग तुलना कशाशी करायची, एक्सपीशी की आजच्या विंडोजशी?

(जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर प्रोटेक्शनशिवाय अधिकृतपणे विकल्या जाणाऱ्या आवृत्त्यांचा प्रश्न नाही, त्यांची नोंद वेगळी करता येते.)

रेटिंग मूळ सीडीचंच द्यावं आणि प्रोटेक्शन ओलांडल्यावर काय चालतं ते, क्रॅकची लिंक न देता, टिपणात लिहावं असं माझं मत होतंय. पण यादी चाळणारे बरेचजण फक्त रेटिंगच बघतात, टिपण उघडतही नाहीत. ज्यांनी सेफडिस्क किंवा सिक्युरॉम (असंच दुसरं प्रोटेक्शन) असलेल्या गेमचे अहवाल लिहिलेत, त्यांनी कृपया सांगा: तुम्ही कोणतं रेटिंग दिलंत, आणि टिपणात नेमकं काय लिहिलंत?